वाघूळ मंडळाचे सेल

लिथियमचा सेल निकामी झाला तरी कचऱ्यात टाकता येत नाही. माझ्याकडे असे अकरा सेल आहेत. टोकांना चिकटपट्टी लावून, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, वाळूत पुरून ठेवले आहेत. किस्स्यांचंही असंच होत असावं. कुणी मुद्दाम जमवत नाही. फेकायचे कुठे हे कळत नाही, म्हणून राहतात आणि मग डबा भरतो!

हे किस्से खरे आहेत का? माझ्या आठवणीप्रमाणे आहेत. माझी आठवण कितपत खरी, हे मात्र मला खात्रीने सांगता येणार नाही.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. रत्नागिरीच्या एका कॉलेजात शेट्येबाई प्राणिशास्त्र शिकवायच्या. आसपासच्या घळींत आणि जुन्या बावींत किती वाघळं राहतात, याची त्या मोजणी करत होत्या. पद्धत सोपी होती. दर रविवारी सकाळी घळीत शिरायचं, छतावर क्षणभर लखकन उजेड पाडायचा, तेवढ्यात फोटो काढायचा, आणि घरी येऊन फोटोतली वाघळं मोजायची. उजेड क्षणभरच, कारण वाघळांना त्रास नको. आणि लखकन, कारण छत चाळीस फुटांवर. साध्या बॅटरीचा उजेड तिथे पोचेपर्यंत दमून जायचा.

त्यांच्या मदतीला आम्ही तीन म्हातारे. एक तांडेल, बोटीवरून बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त झालेले. दुसरे अण्णा, बाजारपेठेत सोन्याचांदीचं दुकान. तिसरा मी, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. आमच्या सौभाग्यवतींनी आम्हा चौघांना 'वाघूळ मंडळ' असं नाव दिलं होतं. अध्यक्ष कोण, असं विचारलं तर त्या म्हणत, "सगळेच उलटे लटकलेले, अध्यक्ष कुणाला करायचं?"

मोठ्या उजेडाच्या बॅटऱ्या तेव्हा नुकत्याच बाहेरून येऊ लागल्या होत्या. त्यांना चार्ज होणारे लिथियमचे सेल लागत. ते कुठले घ्यायचे, हे ठरवणं माझ्याकडे आलं, कारण माझी पीएचडी विद्युत-रसायनात आहे. आता पीएचडी आहे हे खरं. पण ती समुद्राच्या पाण्यात जस्त कसं गंजतं, यावर आहे. म्हणजे धातू सावकाश कसा खराब होतो, एवढंच मला माहीत. एकदम काय होतं, हा माझा विषय नव्हता! आणि लिथियमच्या सेलाचं जे काही होतं, ते एकदम होतं. जाड ॲल्युमिनियमच्या बंद नळीत सेल तापला, तर हातात बॅटरी नसते, सुतळी बॉम्ब असतो. अशी नळी हातात धरून चौघं अरुंद घळीत शिरणार. तरीही घळीच्या तोंडाशी शेट्येबाई दर वेळी विचारायच्या, "सर, हे सेल सेफ आहेत का?"

या प्रश्नाला मी 'हो' असं कधी म्हणू शकलो नाही. 'नाही' म्हणावं, तर मोजणी बंद पडणार.

* * *

पहिली बॅटरी तांडेलांनी आणली. त्यांचा एक जुना दोस्त अजून बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून पाठवली. सोबत दोन लालभडक सेल. त्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलं होतं, पाच हजार.

"पाच हजार काय?" अण्णांनी विचारलं.

"ताकद वो! पाच हजार म्हंजे वाघळं भाजून निघतील!" तांडेल म्हणाले.

मी हिशेब मांडला. त्या काळी या मापाच्या उत्तम सेलात अडीच-तीन हजार मिलिॲम्पिअर-तासांच्या वर काही मावत नव्हतं. मग मी पुन्हा हिशेब मांडला, कारण पहिला चुकला असेल असं वाटलं. तोच आकडा आला. तरीही मी म्हणालो, "मला वाटतं, बहुधा, यात काहीतरी गडबड असण्याची शक्यता आहे."

अण्णा उठले. दोन्ही सेल घेऊन आम्हाला दुकानात घेऊन गेले. सोन्याचा काटा पुसला, सेल ठेवला. सत्तावीस ग्रॅम. माझ्याकडे एका जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला नामांकित कंपनीचा त्याच मापाचा सेल होता. तो ठेवला. पंचेचाळीस ग्रॅम.

अण्णांनी लाल सेल कानाशी हलवून बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांना जे सांगत आले ते तांडेलांना सांगितलं, "मुलामा आहे. घट चाळीस टक्के!"

"अरे पण मी काय मोडायला आणलेत काय?" तांडेल ओरडले.

तेव्हापासून मंडळाचा पहिला नियम ठरला. सेल कुठलाही असो, आधी अण्णांच्या काट्यावर. मी तीन संदर्भग्रंथ चाळून जे ठरवू शकलो नव्हतो, ते अण्णांनी अर्ध्या मिनिटात ठरवलं. याचं मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

* * *

दुसरा नियम अण्णांमुळेच झाला.

लॅपटॉपमधून काढलेले सेल वजनाला खरे होते, पण उघडेवाघडे. चांगल्या सेलाच्या बुडाशी एक छोटी चकती बसवलेली असते. काही उलटसुलट झालं की ती प्रवाह तोडते. लॅपटॉपच्या सेलांना ती नसते, कारण त्यांचा रखवालदार लॅपटॉपमध्येच राहतो. हे मी मंडळाला समजावून सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं, त्यामुळे बहुधा कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एका रविवारी आम्ही आरे-वाऱ्याच्या रस्त्याने चाललो होतो. तांडेलांची जीप, मागच्या सीटवर अण्णा आणि मी. अण्णांनी जादा सेल सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला होता. अचानक ते छाती दाबून पुढे वाकले. "आई गं! छातीत... जळतंय!"

तांडेलांनी गचकन ब्रेक मारला. शेट्येबाईंनी पाण्याची बाटली उघडली. बोटीवर प्रथमोपचार शिकलेले तांडेल मागे आले आणि अण्णांना सीटवर आडवं पाडून छाती दोन्ही हातांनी दाबायला लागले. मी अण्णांची नाडी बघत होतो. ती फार जलद लागत होती, पण ती माझीच असावी.

"डावा हात दुखतोय का? घाम येतोय का?" शेट्येबाईंनी विचारलं.

अण्णा तांडेलांना लाथ मारत किंचाळले, "हृदय नाय वो! पैंजण! पैंजण!!"

कुणालाच काही कळेना. मग अण्णांनी सदराच काढून रस्त्यावर फेकला. खिशातून चांदीचं पैंजण आणि सेल बाहेर पडले. जाताजाता एका गिऱ्हाइकाला ते पैंजण द्यायचं होतं म्हणून खिशात टाकलेलं. ते सेलाच्या दोन्ही टोकांना लागलं होतं. आणि चांदीपेक्षा चांगला वीजवाहक धातू जगात नाही, हे मी तिथे रस्त्यावर उभा राहून सांगितलं.

"सर," उघडे अण्णा म्हणाले, "हे तुम्ही मला शिकवताय? चांदीबद्दल?"

नियम दोन. चकतीवालेच सेल घ्यायचे आणि जादा सेल प्लॅस्टिकच्या साबणाच्या डबीत ठेवायचे. पुढे कित्येक महिने आम्ही चौघं घळीत शिरायचो तेव्हा चौघांच्या हातात साबणाच्या डब्या असत. एका गावात एक आजी आम्हाला म्हणाली, "आत पाणी नाय हो आंघोळीला!"

* * *

चकतीवाले सेल मुंबईहून मागवले. अण्णांच्या काट्यावर पास झाले. त्यांचं चार्जिंग माझ्या घरी असे, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी ते नीट होईल असा विश्वास मला वाटत नव्हता. माझ्या घरी ते नीट होईल, असाही नव्हता.

स्वयंपाकघराचा ओटा दगडी. त्यावर लोखंडी तवा, तव्यात चार्जर, शेजारी वाळूची बादली, समोर खुर्चीवर मी. हातात मीटर. चार पूर्णांक दोन व्होल्टच्या वर काटा जाता कामा नये. दर दहा मिनिटांनी नोंद. तवा माझ्याकडे असल्यामुळे रविवारी सकाळी आमच्याकडे भाकरी होत नसे, पोहे असत.

एकदा पाहुणे आले. त्यांनी विचारलं, "सर काय करतायत?"

"सेल राखतायत," बायको म्हणाली. "माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून एवढे तास बसले नव्हते!"

मी त्यांना सांगू पाहिलं की त्या वेळी डॉक्टर हजर होते, इथे कुणीच नाही. हे वाक्य मी म्हणायला नको होतं.

* * *

एकदा खेडला एका शाळामास्तरांना दोन सेल द्यायचे होते. त्यांच्या बाजूच्या घळी ते मोजणार होते. मी स्वतः एसटीने निघालो. सेल साबणाच्या डबीत, डबी पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्यावर मी जबाबदार माणसाने लिहावं तसं लिहिलं होतं: 'उष्णतेपासून दूर ठेवा. आपटू नका. भिजवू नका. छिद्र पाडू नका. धूर आल्यास दूर व्हा.'

कंडक्टरने तिकीट फाडता फाडता खोकं वाचलं. वरून खाली वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "काय आहे यात?"

"सेल."

"आणि धूर कसला येणार?"

"येणार असं नाही. येऊ शकतो."

"म्हणजे बॉम्ब आहे?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने 'नाही' म्हणून विषय संपवला असता. पण मी चाळीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासलेत. अर्धवट उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. मी म्हणालो, "नाही... म्हणजे, तत्त्वतः..."

हातखंब्याला मला उतरवण्यात आलं!

परतीच्या गाडीची वाट बघत तासभर उभा होतो. त्या तासात माझ्या लक्षात आलं की 'तत्त्वतः' हा शब्द मी घरीही फार वापरतो.

* * *

मग प्रमाणपत्राचं प्रकरण.

कॉलेजच्या प्राचार्यांच्या कानावर पैंजणाचा किस्सा गेला. कुणी सांगितला ते माहीत नाही. अण्णा ज्याला त्याला सदरा दाखवत होते, एवढं माहीत आहे. प्राचार्यांनी शेट्येबाईंना सांगितलं, "तज्ज्ञाचं लेखी प्रमाणपत्र आणा की सेल सुरक्षित आहेत. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मोजणी बंद."

बाईंची तीन वर्षांची मेहनत होती. एक वर्ष जरी सुटलं तरी आधीचे आकडे कुचकामी होणार होते. त्या माझ्याकडे आल्या. "सर, एक ओळ लिहा. 'सेल सुरक्षित आहेत.' तीन शब्द आहेत."

मी रात्री बसलो. सकाळपर्यंत चार पानं झाली. सेल केव्हा तापतो, केव्हा फुगतो, केव्हा वायू सोडतो आणि कोणकोणत्या परिस्थितीत यापैकी काहीही होणार नाही असं म्हणता येत नाही. शेवटी समारोप.

प्राचार्यांनी चारही पानं वाचली. म्हणाले, "सर, हे वाचून मी घरचं भिंतीवरचं घड्याळ काढून अंगणात ठेवलं."

शेट्येबाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पाहिलं. मी कागद परत घेतला आणि तिथेच बसून एक वाक्य लिहिलं: 'तपासणीत हे सेल असुरक्षित असल्याचे मला अद्याप आढळलेले नाही.'

प्राचार्यांनी पेन उघडलं, 'अद्याप' खोडलं आणि सही केली.

मोजणी वाचली. मी मात्र पुढे कित्येक दिवस त्या खोडलेल्या शब्दाचा विचार करत होतो. माझ्या सहीच्या कागदावरचा एकमेव खरा शब्द त्यांनी काढून टाकला होता!

* * *

शेवटचा किस्सा त्या वर्षीच्या अखेरच्या मोजणीचा.

कातळाच्या पोटात शेजारी शेजारी दोन घळी होत्या. पहिल्या घळीत आम्ही चौघं शिरलो. काम नेहमीसारखं होतं. तिघा म्हाताऱ्यांनी बॅटऱ्या बंद करून वर रोखून धरायच्या, बाईंनी कॅमेरा लावायचा आणि त्या "टाका!" म्हणाल्या की तिघांनी एकदम उजेड टाकायचा. क्लिक. बंद. मग दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच.

चार फोटो झाले. पाचव्यासाठी आम्ही अंधारात उभे होतो. घळीत वाघळांच्या विष्ठेचा उग्र वास. नाक बधिर झालेलं. पण त्यातून मला दुसराच एक वास आला. गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा. सेलातलं द्रावण बाहेर पडलं की असा वास येतो, हे मी वाचलं होतं. प्रत्यक्षात कधी घेतला नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, भास असेल. दुसऱ्यांदा वाटलं, बाईंनी नखं रंगवली असतील. तिसऱ्यांदा तांडेल अंधारात म्हणाले, "माझी बॅटरी जरा ऊब देते हाय आज. बरं वाटतं हाताला."

मला आजवरच्या आयुष्यात कुठल्याच गोष्टीची एवढी खात्री वाटली नव्हती. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "तांडेल, बॅटरी टाका!"

तीन बॅटऱ्या एकदम लखकन पेटल्या. तांडेलांची, अण्णांची आणि, सांगायला लाज वाटते, सवयीने माझीही. क्लिक!

"अहो टाका! टाका!!" मी किंचाळलो.

"टाकली ना वो सर!" तांडेलही किंचाळले. "आणखी कुठं टाकू?"

"फेका! लांब फेका!!"

त्यांनी फेकली. पुढे डबकं होतं, त्यात ती पडली. क्षणभर काही झालं नाही आणि मला वाटलं, चुकलो. मग फाट्कन आवाज झाला, बॅटरीचं बूड समोरच्या कातळावर आपटलं आणि पाण्यातून हातभर ज्वाळा उठली. शेकडो वाघळं आमच्या डोक्यांवरून बाहेर निघाली आणि त्यांच्या मागोमाग मंडळ!

बाहेर उन्हात आम्ही कातळावर बसलो. तांडेलांचा तळवा लाल झाला होता, बाकी सगळे धड. तळव्यावर फुंकर घालत तांडेल म्हणाले, "फेका म्हणायचं ना वो पहिल्यांदाच! टाका काय टाका! तुमची पीएचडी मराठीत असती तर माझा हात वाचला असता."

"सेल कुठले घातले होते?" मी विचारलं.

"तुमचेच. फक्त एक काल गॅलरीतून खाली पडला, चेपला. म्हणून तेवढा बदलला. लॅपटॉपवाला एक घरी होता, तो घातला."

"एक नवा, एक जुना?"

"एका पायाची चप्पल तुटली तर आपण दोन्ही शिवतो काय?"

जोडीतला एक सेल दमलेला असेल तर दुसरा त्याला उलटा ढकलत राहतो, दमलेला तापतो आणि फुटतो, हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

शेट्येबाई कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यात बघत होत्या. पाचवा फोटो आला होता. त्यात वाघूळ एकही नव्हतं. मी होतो, दोन्ही हात वर आणि तोंड उघडं. "सर," त्या म्हणाल्या, "तुमचे दात मात्र अचूक मोजता येतात."

मग कॅमेरा खाली ठेवून त्यांनी शेजारच्या घळीकडे पाहिलं. ती राहिली होती. तेवढी झाली की वर्षाचं काम पुरं. दोन बॅटऱ्या शिल्लक होत्या, अण्णांची आणि माझी.

"सर, या दोन्हींतले सेल सेफ आहेत का?"

मी चारही सेल काढून रुमालावर ठेवले. वेष्टन कुठे फाटलंय का ते पाहिलं. नव्हतं. हात लावून पाहिला, गार होते. मीटर लावला, चौघांचे आकडे जुळत होते. वास घेतला. पुन्हा मीटर लावला. शंका घ्यायला मी बरीच जागा शोधली, सापडली नाही.

मी म्हणालो, "हो."

अण्णांनी तांडेलांकडे पाहिलं. तांडेलांनी शेट्येबाईंकडे. बाईंनी कॅमेरा पिशवीत घातला आणि पिशवीची चेन लावली.

"सर हो म्हणाले!" तांडेल उठत म्हणाले. "आता मात्र घरी जाऊया."